केतकीनं सातवी गाठ सोडली

मिरकरवाड्याच्या कोळंबीच्या शेडमध्ये बायकांची एक रीत होती. वाचणारीनं कोळंबी सोलायची नाही. तिनं पाटावर बसायचं, हात कोरडे ठेवायचे आणि मोठ्यानं वाचायचं. बाकीच्या जणी सोलता सोलता आपल्या टोपलीतली एकेक मूठ तिच्या टोपलीत टाकत, आणि दिवस संपता तिची टोपली इतरांइतकीच भरलेली असे. ह्या मुठीला 'वाचणारीची मूठ' म्हणत. बर्फातल्या कोळंबीनं बोटं बधिर होतात, सालाच्या काट्यांनी नखांच्या कडा फाटतात, पण कानांना काही काम नसतं. त्या रिकाम्या कानांसाठी ही मूठ.

वाचणारी होती तुळसा. सातवी पास, वय अठ्ठावीस, आवाज असा की बर्फ फोडणारा गडीसुद्धा हातोडा खाली ठेवून उभा राही. तिची सासू आवडाबाई तिच्या उजव्या हाताला बसे. आवडाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती कोळंबी नुसत्या बोटांनी सोलायची, आणि तरी शेडमधली सगळ्यांत स्वच्छ कोळंबी तिचीच असायची.

पाच वर्षांपूर्वी, ऐंशी सालच्या भादव्यात, आवडाबाईचा मुलगा आणि तुळसाचा नवरा दत्ताराम लाँचीवर खलाशी म्हणून गेला. वादळात लाँच उलटली. लाँच मिळाली, दोन माणसं मिळाली, दत्ताराम मिळाला नाही. तेव्हापासून लाँची परतायच्या वेळेला दोघी रोज जेटीवर उभ्या राहत. सासूला दिसत नसे, म्हणून सून तिला लाँची वाचून दाखवी.

"ही जलकन्या, आये. चौघं हायत. ही भवानीप्रसाद. पाच जण."

शेवटची लाँच लागली की आवडाबाई विचारी, "मग?"

"आज नाय."

मग दोघी घरी जात. तुळसाच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं. पूस म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण पूस म्हणायचं म्हणजे दत्ताराम गेला असं आवडाबाईच्या तोंडावर म्हणायचं. त्यापेक्षा सगळी वाडी म्हणे, येईल गो, कुठंतरी लागला असेल किनाऱ्याला. पाणी पाजावं तशा सहज बायका हे वाक्य तुळसाला पाजत.

आणि आता तुळसाच्या नावानं एक कागद आला होता. बालवाडीच्या बाईच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. तीन महिने राजापूरला राहायचं, मग मालगुंडच्या बाजूला एका बालवाडीवर नेमणूक. शनिवारी हजर व्हायचं. आवडाबाईनं कागद चाचपून बघितला, त्याची घडी पुन्हा होती तशी घातली आणि परत दिला.

"नाय जायचं."

"आये, तीन महिने तर—"

"तीन महिने लाँची कोण वाचणार? तो आला नि जेटीवर बायको नाय, तर त्यानं काय समजायचं?"

त्यापुढे दोघी त्या विषयावर बोलल्या नव्हत्या. जाते म्हणून तुळसा म्हणाली नव्हती, नाही जात म्हणूनही नाही. शेडमधल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं. शनिवार किती दिवसांवर आला, हे जी ती मनात धरून होती.

त्याच आठवड्यात सातवं बुक आलं.

बुकांचं नाव 'वाऱ्याच्या सात गाठी'. पातळ, रंगीत वेष्टनाची. काशीराम मुकादम ती एस्टी स्टँडवरच्या दुकानातून आणायचा. आपण बायकांसाठी आणतो असं म्हणायचा आणि वाचन चाललं की काट्यापाशी उभा राहून तेच तेच वजन चार वेळा बघायचा. चार वर्षांत सहा बुकं झाली होती. क्षारद्वीप नावाच्या बेटावरचा वारा एका जादूगारणीनं चोरला आणि एका दोरीच्या सात गाठींत बांधून ठेवला. तो सोडवायला गेलेला नावाडी मेघराज, त्यालाही तिनं त्याच दोरीत बांधलं. त्याची बायको केतकी वल्हं मारत निघाली. वारा नसलेला समुद्र, शिडं लोंबलेली, आणि ही एकटी. एका बुकात एक गाठ. मिठाच्या पहाडावरची पहिली, मुक्या माशांच्या गावातली दुसरी. पाचव्या गाठीला केतकीचे केस गेले तेव्हा शेडमधल्या तिघीजणी जेवल्या नव्हत्या.

शेड ही बुकं नुसती ऐकत नव्हती, त्यांत राहत होती. एखादी नवरी सासरी छळली जात असली तर बायका म्हणत, दुसऱ्या गाठीत हाय बिचारी. काशीराम बर्फाच्या गाडीची वाट बघत शिव्या देऊ लागला की सोलणाऱ्यांतली गुणवंती म्हणे, "मुकादम, वारा बांधलाय वाटतं."

पुढचं पान चोरून वाचायचं नाही, हा वाचणारीचा नेम. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तुळसानं तो मोडला. हात धुऊन, शेडच्या मागे, फुटक्या टोपल्यांच्या ढिगाशी उभं राहून तिनं शेवटची आठ पानं वाचली. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून गुणवंती म्हणाली, "काय गो, उन्हात उभी होतीस काय?"

"व्हय," तुळसा म्हणाली.

गुरुवारी दुपारी ती त्या आठ पानांवर आली.

सातवी गाठ दोरीच्या टोकाला होती. केतकीनं तिला हात घातला, तर आतून मेघराजाचा आवाज आला. तुळसा सावकाश वाचू लागली. "'केतकी, ऐक. ह्या गाठीत मी आणि वारा एकमेकांत विणले गेलो आहोत. गाठ राहिली तर मी राहीन, बोलेन, पण बेट असंच श्वासाविना पडून राहील. गाठ सुटली तर वारा सुटेल आणि मी वारा होऊन जाईन. मला हात असणार नाहीत. मला दारात उभं राहता येणार नाही.' केतकीने विचारले, 'तू काय म्हणतोस?' तो म्हणाला, 'बांधलेला आहे तोवर मी तुझा नाही, मी गाठीचा आहे.' केतकीने दोरी तोंडाजवळ नेली, दातांनी गाठ सोडली. एकदम सगळ्या बेटावर पानं हलली. लोंबलेली शिडं फुगली. म्हातारी माणसं हसत अंगणात आली. केतकीच्या हातात नुसती दोरी उरली. तिने दोरी गुंडाळली, आपली होडी पाण्यात लोटली, शीड उभारले. शिडात वारा भरला. कोठे जायचे ते तिने अजून ठरवले नव्हते."

तुळसानं बुक मिटलं.

नळातून पाणी गळत होतं तेवढा आवाज राहिला.

"पुढं?" गुणवंती म्हणाली.

"पुढं नाय. संपलं."

"संपलं म्हंजे? पान फाटलंय काय बघ."

"फाटलं नाय."

"आणि तो?"

"तो वारा झाला."

गुणवंतीनं हातातली कोळंबी टोपलीत आपटली. "मेल्याचं तळपट होवो त्या बुकवाल्याचं! चार वरसं ती पोर वल्हं मारते, केस गेले, बोटं गेली, नि हातात काय, तर दोरी? वारा काय घरी जेवायला येतो? वारा काय ताप आला तर कपाळावर हात ठेवतो?"

"पावसात कौलं उडवायला येतो तेवढा," कोणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं, पण ते हसू रागाचंच होतं.

काट्यापाशी उभ्या काशीरामाचे डोळे लाल झाले होते. "मी लिहिणार त्याला," तो म्हणाला. "कार्ड लिहिणार. गिऱ्हाइकाची फसवणूक हाय ही."

"लिवा, लिवा. लिवा की रत्नागिरीत आलास तर कोळंबीच्या सालांनी आंघोळ घालू."

सगळ्यांत म्हातारी होती सोनूबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या तिच्याकडे किती होत्या त्याला अंत नव्हता. ओवीचं कसं असतं, एकीनं म्हटलेली दुसरीच्या घरी जाते, तिथे तिला नवा पदर फुटतो, आणि कोणी विचारत नाही की मूळची कोणाची. सोनूबाईनं बुकही तसंच धरलं. बुकवाल्यानं आपली ओळ म्हटली, आता आपली पाळी. तिनं डोळे मिटले, आणि शेडच्या पत्र्याखाली तिचा चिरका सूर उभा राहिला.

"सुटली सातवी गाठ, वारा अंगणात आला
अंगणात आला, त्याचा माणूस गं झाला.

माणूस गं झाला, त्याच्या पायाला वाळू ओली
केतकी बाई माझी पाणी घेऊन पुढे झाली."

"अश्शी!" बायका म्हणाल्या. "असा पायजे शेवट!"

गुणवंतीनं लगेच पदर जोडला.

"पाणी देते पायावर, आधी सांग घरधन्या
सात बुकं फिरविलीस, तुला लाज नाही शहाण्या!"

आता खरं हसू आलं. कोळंबीवर पुन्हा हात चालू लागले. झालं होतं ते निस्तरलं गेलं असं सगळ्यांना वाटलं. फक्त आवडाबाईचे हात थांबलेले होते. तिनं मान तुळसाच्या दिशेला वळवली.

"तुळसे. शेवटचं पान परत वाच."

"वाचलं की, आये."

"परत वाच. सोनूबायनं सांगितलं तसं वाच. तो अंगणात उतरला म्हणून वाच."

मागणी साधी होती. सोनूबाईच्या दोन ओळी बुक हातात धरून म्हणायच्या, इतकंच. गुणवंतीनं तुळसाला डोळ्यांनी खुणावलं, म्हण गो, म्हातारीच्या समाधानाला, काय जातंय.

तुळसानं बुक उघडलं. पानावर बोट ठेवलं. तिचे ओठ हलले आणि थांबले.

"नाय वाचणार," ती म्हणाली.

"काय?"

"सोनूमावशीनं गायली, ती तिची ओवी हाय. गोड हाय. रोज गाऊ दे, मी पण गाईन. पण बुकावर बोट ठेवून, लिवलंय म्हणून, नाय वाचणार मी. लिवलेलं नाय."

"बुक मोठं का मी मोठी?"

"बुकाचं काय घेऊन बसलीस, आये?" तुळसाचा आवाज चढला नाही, पण शेडच्या शेवटच्या पाटापर्यंत पोचला. "पाच वरसं तुम्ही सगळ्या मला लिवलेलं नाय ते वाचून दाखवताय. येईल, लागला असेल, मालवणला कोणी बघितला, गोव्याला कोणी बघितला. मी ऐकून घेतलं. तुमची माया होती म्हणून ऐकलं. पण ती केतकी दातांनी गाठ सोडते, तुमच्यासमोर सोडते, आणि तुम्ही तिला पुन्हा अंगणात तांब्या घेऊन उभी करताय. किती वरसं उभी करणार?"

सोनूबाई खाली बघत राहिली.

आवडाबाईनं हात पुढे केला. तुळसाची टोपली चाचपली, तिच्यात बोटं घातली, आणि पूर्ण मूठभर कोळंबी काढून आपल्या टोपलीत टाकली. वाचणारीची मूठ परत घेतलेली त्या शेडमध्ये कोणी कधी बघितली नव्हती.

"जिला माझा पोरगा मेलेला पायजे," ती म्हणाली, "तिला माझ्या हातची कोळंबी नको."

तुळसानं बुक बाजूला ठेवलं. हात बर्फात घातले आणि सोलायला लागली. इतकी वर्षं न सोललेली तिची बोटं मऊ होती; थोड्याच वेळात पाण्यावर लाल तार उठली. गुणवंतीनं हळूच एक मूठ तिच्याकडे सरकवली, तर तुळसानं ती परत सरकवली.

शुक्रवारी सुट्टीत कार्ड लिहिलं गेलं. काशीराम लिहीत होता, बायका सांगत होत्या, आणि कार्ड लहान पडत होतं.

"सप्रेम नमस्कार विनंती विशेष," काशीरामानं वाचून दाखवलं. "आम्ही मिरकरवाड्याच्या कोळंबी सोलणाऱ्या बायका व मुकादम. तुमची सातही बुकं ऐकली. शेवट आम्ही नामंजूर केला आहे. आमच्या शेडमध्ये मेघराज घरी आला आहे. तुमच्याकडे काय ते तुम्ही बघा."

"लिवा, आता आठवं बुक काढू नका, आमचं आम्ही गातो."

"जागा नाय."

"बारीक लिवा की! काट्यावर वजन कसं बारीक लिवता?"

खाली सोनूबाईनं अंगठा दिला, गुणवंतीनं सही केली, दोघीतिघींनी नावं सांगितली. आवडाबाईनं अंगठा इतका दाबून दिला की कार्डाच्या मागे उमटला. मग कार्ड फिरत तुळसापाशी आलं. तिच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिनं पेन घेतलं आणि कडेला, उभ्या ओळीत, उरलेल्या पट्टीभर जागेत लिहिलं. काशीरामानं मान वाकडी करून ते मोठ्यानं वाचलं. "मला शेवट पटला. केतकी बरोबर वागली. तुळसा दत्ताराम, वाचणारी."

"आमच्याच कार्डावर?" गुणवंती म्हणाली. पण खोडलं कोणी नाही.

संध्याकाळी तुळसा नेहमीसारखी आवडाबाईचा हात धरून जेटीवर आली. घरी ट्रंक अर्धी भरलेली होती. आवडाबाईला ते माहीत होतं, पातळांच्या घड्या मोडल्याचा आवाज तिनं ऐकला होता. दिवस बुडायला आला होता. भगवतीच्या किल्ल्याच्या बाजूनं लाँची एकामागून एक वळत होत्या.

"ही जलकन्या," तुळसा म्हणाली. "चौघं. ही भवानीप्रसाद. पाच. तिच्यामागून रत्नसागर, सहा."

जाळी उतरली. टोपल्या ओढल्या गेल्या. शेवटची लाँच लागली, इंजिन गुरगुरून बंद पडलं.

"मग?" आवडाबाई म्हणाली.

तुळसानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तो येणार नाय, आये."

पाच वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांचं होतं. त्यातला 'आज' हा शब्द गळून पडला होता, आणि दोघींनाही ते ऐकू आलं.

"मी उद्या राजापूरला जाणार," तुळसा म्हणाली. "कुंकू मी पुसणार नाय. कोणी सांगितलं तरी नाय. ते माझं हाय, त्यानं लावलेलं हाय. पण वाट मी नाय बघणार. तू म्हणशील, कुंकू हाय तर वाट बघ. वाडी म्हणेल, वाट नाय बघत तर कुंकू पूस. मी दोन्ही ऐकणार नाय. दर रविवारच्या गाडीनं येईन, तुझं सगळं करीन. मालगुंडला खोली मिळाली की तुला घेऊन जाईन, तू येशील तर. पण हितं उभी नाय राहणार."

आवडाबाईनं हात सोडवून घेतला. ती रागावेल, रडेल, जेटीवरच बसेल, ह्या सगळ्याची तुळसानं तयारी ठेवली होती.

"रत्नसागर नव्हती ती," आवडाबाई म्हणाली.

"काय?"

"तिसरी. रत्नसागरचं इंजिन खोकतं. ती श्रीकृष्ण होती. आज तू सरळ बघून वाचत नव्हतीस."

तुळसानं मान वळवली. तिसऱ्या लाँचीच्या कपाळावर निळ्या अक्षरांत श्रीकृष्णच लिहिलेलं होतं.

"तुला कळतं?"

"पहिल्या वरसापास्नं कळतं. इंजिनावरनं लाँच कळते, उडी मारतात त्यावरनं माणसं कळतात. दत्ता आधी डावा पाय टाकायचा."

"मग मला रोज कशाला उभी करत होतीस? कशाला वाचायला लावत होतीस?"

आवडाबाईनं तोंड समुद्राकडे केलं. वारा तिचा पदर ओढत होता आणि ती तो परत परत खांद्यावर आणत होती.

"दोघी उभ्या राहिल्या की ती वाट बघणं असतं गो," ती म्हणाली. "एकटी उभी राहिली की वेडी म्हणतात. ती धोंड्याची आय आठवते ना? एकटीच उभी राहायची हितं. पोरं दगड मारायची. मला भ्या वाटायचं. म्हणून तुला धरून ठेवली."

तुळसानं तिचा उडणारा पदर खांद्यावर नीट बसवला.

"तुझं बुक मी मानत नाय," आवडाबाई म्हणाली. "कार्डावर अंगठा दिलाय, तो दिलाय. माझा पोरगा वारा नाय. तो येणार. तू बरोबर वाचलंस म्हणून मी चूक नाय होत. ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग जा. ट्रंक भर. पहिल्या गाडीला जागा मिळते."

"तुला घरी सोडते आधी."

"मी नाय येत. लाँची अजून दोन यायच्या हायत, कर्ला गावच्या. त्या इथं लागत नाहीत, पण जाताना दिसतात. मला ऐकू येतात, वरच्या माणसांच्या हाकांसकट."

"आये, काळोख पडेल. माणसं बघतायत."

"बघू देत. म्हणू देत मला वेडी! पाच वरसं भ्यायले, आता नाय भीत."

आणि तिनं तुळसाला खांद्यानं बाजूला सारलं, काठी टेकत जेटीच्या अगदी कडेला गेली. जाळी गुंडाळणारे खलाशी थांबून बघू लागले. दोन बायका कुजबुजल्या. दूरवर एक इंजिन ऐकू येऊ लागलं, तुळसाच्या कानाला ते सगळ्या इंजिनांसारखंच होतं. आवडाबाईनं मान किंचित तिरकी केली, ऐकलं, आणि सबंध बंदराला ऐकू जाईल अशा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"ही मत्स्यगंधा! सात जण!"